‘उद्यापासून बंद’ का टिकत नाही? शपथ घेण्याऐवजी स्वतःला प्रश्न विचारून बघा

वैभववाडी : गुढीपाडवा, एक जानेवारी, नाहीतर वाढदिवस. काहीतरी ठरवायला आपल्याकडे दिवसांची कमी नाही. उद्यापासून तंबाखू बंद. उद्यापासून पहाटे चालायला जायचं. उद्यापासून रात्री मोबाईल हातात घ्यायचा नाही. यंदा काजूच्या बागेचा हिशोब वहीत लिहायचाच. चार दिवस सगळं सुरळीत चालतं. पाचव्या दिवशी पाऊस कोसळतो, पाहुणे येतात, नाहीतर नाक्यावर मित्र पुडी पुढे करतो आणि ठरवलेलं तिथंच राहतं. घरातले म्हणतात, ‘तुका जमाचा नाय.’ आणि आपणही मनातल्या मनात तेच म्हणत असतो.

असं झालं की आपण दोष देतो तो स्वतःच्या इच्छाशक्तीला. ‘माझ्यात दमच नाही’ म्हणून मोकळे होतो. पण ठरवलेलं पार पाडायची दुसरीही एक वाट आहे. मनाला दटावण्याऐवजी त्याला प्रश्न विचारायचा. शेतात नवीन बियाणं लावून बघतो तसं स्वतःच्या सवयीवरही छोटासा प्रयोग करून बघायचा. ही वाट कशी असते, आपल्या जवळपास ती कोणी वापरली, घरी कशी वापरायची आणि ती कुठे पुरत नाही, ते या लेखात पाहू.

श्रावणात जमतं, मग नंतर का नाही?

आधी आपल्याच गावातली गोष्ट बघू. गटारी झाली, श्रावण लागला की मासळीशिवाय घास न उतरणारी माणसं महिनाभर मासे-मटणाला हात लावत नाहीत. काही घरांत तर गणपती जाईपर्यंत. कधीमधी घेणारे कित्येक जण त्या दिवसांत बाटलीकडे बघत नाहीत. त्यासाठी त्यांना कोणी औषध दिलेलं नसतं की वर्गाला पाठवलेलं नसतं. म्हणजे मन आवरायची ताकद या माणसांत आहे. मग गणपती गेल्यावर ती ताकद कुठे जाते?

जरा बारकाईने बघितलं तर उत्तर सापडतं. श्रावणात घरात मासे शिजतच नाहीत, त्यामुळे समोर ताट आणि मनात भांडण असा प्रकार होत नाही. शेजारीही खात नाही. ‘घे रे, एकाने काय होता?’ असं म्हणणारा मित्रसुद्धा स्वतः पाळत असतो. कधी सुरू आणि कधी संपणार, हे सगळ्यांना माहीत असतं. रोज सकाळी उठून ‘आज खाऊ की नको’ हा निर्णयच घ्यावा लागत नाही.

म्हणजे श्रावण पाळला जातो तो मनाच्या जोरावर जितका, तितकाच आजूबाजूच्या व्यवस्थेवर. हीच गोष्ट संशोधकांनाही दिसली. जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहराच्या परिसरात सुमारे 200 जणांना आठवडाभर एक छोटं यंत्र सोबत दिलं होतं. ते दिवसातून अनेकदा वाजायचं आणि विचारायचं, आत्ता कसली इच्छा झाली आहे, ती आवरताय का? 2012 साली हा अभ्यास छापून आला. ज्यांना आपण ‘मनाने खंबीर’ म्हणतो, ती माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील असं वाटेल. दिसलं उलटं. त्यांच्यावर झुंजायची वेळच कमी येत होती. नको त्या गोष्टीच्या वाटेला ती फारशी जातच नव्हती.

मग आपल्यासाठी कामाचा प्रश्न ‘माझ्यात ताकद किती’ हा राहत नाही. ‘माझ्याकडून हे नेमकं कधी, कुठे आणि कोणासोबत होतं’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. पहिल्या प्रश्नाने माणूस खचतो. दुसऱ्याचं उत्तर शोधता येतं.

शपथ आणि प्रश्न

शपथेचे निकाल दोनच. पाळली किंवा मोडली. आणि मोडली की बहुतेक जण पुढचा विचार असा करतात, ‘आता मोडलीच आहे, तर आज खाऊन घेऊ, पुन्हा सोमवारपासून बघू.’ एका पुडीचं नुकसान मग आठवड्याचं होतं. वर मनाला लागतं ते वेगळंच. तीनचार वेळा असं झालं की माणूस ठरवायचंच सोडून देतो.

प्रश्नाचं तसं नसतं. ‘मला तंबाखूची तलफ दिवसात कधी कधी येते?’ हा प्रश्न घेऊन दिवस काढला आणि त्या दिवशी पाच वेळा तंबाखू खाल्ली, तरी संध्याकाळी हातात काहीतरी असतं. चहानंतर दोनदा, बाईक काढताना एकदा, नाक्यावर दोनदा. ही माहिती कालपर्यंत आपल्याकडे नव्हती.

2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर काही छोटे प्रयोग केले. पुढे शब्दकोडी सोडवायची होती. त्याआधी काहींनी मनाशी धरायचं होतं, ‘मी करणार’. काहींनी धरायचं होतं, ‘मी करीन का?’ प्रश्न विचारणाऱ्यांनी कोडी जास्त सोडवली. व्यायामाबाबतही प्रश्नाच्या बाजूच्या मुलांचा इरादा जास्त पक्का दिसला. प्रयोग लहान होते, त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढता येणार नाही. पण संशोधकांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. ‘करणारच’ म्हटलं की विषय संपतो. ‘करीन का?’ म्हटलं की मन स्वतःची कारणं शोधायला लागतं आणि स्वतः शोधलेलं कारण दुसऱ्याने सांगितलेल्या कारणापेक्षा जास्त दिवस पुरतं.

आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. नवीन बियाणं आलं की तो सगळ्या शेतात पेरत नाही. एका कोपऱ्यात लावतो आणि म्हणतो, ‘बघूया तर खरा.’ उगवलं नाही तरी तो स्वतःला नालायक म्हणत नाही. पाणी कमी पडलं की जमीन मानवली नाही, ते बघतो. शेताशी आपण इतक्या समजुतीने वागतो, तर स्वतःशी का नाही?

घाटावरचे गणिताचे सर आणि एचएमटी तांदूळ

ही ‘बघूया’ची रीत एका माणसाने मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली आणि तेही आपल्यापासून लांब नाही. करूळ घाटाने वर गेलं की गगनबावडा, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. त्याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यात गारगोटी आहे. तिथल्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोळकर होते. मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यांसोबत काम करता करता त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला.

कल्पना साधी होती. शेतकऱ्याने तज्ज्ञाची वाट बघत बसायचं नाही. आपल्याच शेतात प्रश्न विचारायचा. एका घडाला पोसायला किती पानं लागतात? पान किती दिवसांनी जून होतं? मुळी कुठवर जाते? थोड्याशा जागेत करून बघायचं, लिहून ठेवायचं आणि जे दिसलं ते दुसऱ्या शेतकऱ्याला पत्राने किंवा भेटून सांगायचं. दुसऱ्याचं फसलेलंही ऐकायचं. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदारांमध्ये ही पद्धत रुजली आणि द्राक्षशेतीच्या वाढीत तिचा मोठा हात राहिला. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकेल का, हाही दाभोळकर सरांनी लावून धरलेला एक प्रश्नच.

असं बघत राहण्यातून काय निघतं, त्याचं एक उदाहरण बाजारात मिळतं. ‘सोनाका’ नावाची लांबट द्राक्षं आपण खातो. सोलापूरजवळच्या नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांनी ती जात शोधली. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरं मिळून नाव झालं सोनाका. बागेत काहीतरी वेगळं दिसलं तेव्हा त्यांनी ते नजरेआड केलं नाही, एवढीच त्याची सुरुवात.

दुसरं उदाहरण तर अनेकांच्या घरातल्या डब्यातच आहे. एचएमटी तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, शेती थोडकीच. 1983 च्या सुमारास त्यांना भाताच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या. पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. असं काही वर्षं चाललं. त्यातून बारीक दाण्याचं, शिजायला चांगलं वाण मिळालं आणि त्या काळात नावाजलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 2018 साली ते गेले. एवढं करूनही त्यांची परिस्थिती शेवटपर्यंत बेताचीच राहिली, हेही विसरता कामा नये.

खोब्रागडेंची सुरुवात ‘मी देशाला नवीन वाण देईन’ अशा शपथेने झाली नव्हती. ‘ही लोंबी वेगळी का?’ एवढाच प्रश्न होता. प्रश्नात गोडी होती म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा शेतात उतरावंसं वाटलं. सवय बदलताना आपल्याला हीच गोष्ट हवी असते. उद्या पुन्हा बघावंसं वाटलं पाहिजे.

तलफ आली की काय करायचं?

आता सगळ्यात अवघड विषय, तंबाखू. 2016-17 च्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतातल्या 15 वर्षांवरच्या लोकांपैकी 21.4 टक्के लोक धूर न काढता तंबाखू वापरतात, म्हणजे खातात, चघळतात किंवा दाताला लावतात. यात आपल्या घरातली मशेरीसुद्धा आली. ‘दात साफ करते’ म्हणून लावली तरी ती तंबाखूच आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिलाही आहे. त्याच सर्वेक्षणात अशी तंबाखू वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक सोडायचा विचार करत होते. म्हणजे सोडायचं मनात नाही, असं नाही. अडतं ते तलफ आल्यावर.

तलफ आली की आपण दोनच गोष्टी करतो. तिला शरण जातो, नाहीतर दात-ओठ खाऊन तिच्याशी लढतो. तिसरी गोष्ट म्हणजे तिच्याकडे नुसतं बघायचं. ती अंगात नेमकी कुठे जाणवते? तोंडात पाणी सुटतं का? हात खिशाकडे जातो का? छातीत अस्वस्थ वाटतं का? आत्ता वाढतेय की कमी होतेय? बघत राहिलं की कळतं, तलफ लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत उतरू लागते. बहुतेकांनी ती उतरताना कधी बघितलेलीच नसते, कारण त्याआधीच पुडी फाडलेली असते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी 88 सिगारेट ओढणाऱ्यांवर याची चाचणी केली. निकाल 2011 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला तिथला नेहमीचा सिगारेट सोडायचा कार्यक्रम दिला. दुसऱ्या गटाला तलफेकडे आणि स्वतःच्या सवयीकडे लक्ष देऊन बघायला शिकवलं. 17 आठवड्यांनी नेहमीच्या गटातले 6 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, बघायला शिकलेल्या गटातले 31 टक्के. माणसं कमी होती आणि अभ्यास सिगारेटचा होता, त्यामुळे मशेरीला तोच आकडा लागू होईल असं नाही. पण करून बघायला खर्च काही नाही. आणि हेही बघा, शिकलेल्या गटातही बहुतेकांची सुटली नव्हती. म्हणून एकदा जमलं नाही तर त्यात नवल नाही.

आणखी एक प्रश्न खाताना विचारायचा. ‘ह्याची चव मला खरंच कशी लागतेय?’ पहिली चिमूट आणि दिवसातली सहावी चिमूट, दोन्ही वेळा प्रामाणिकपणे बघा. सहावीला मजा येतेय की फक्त हाताला वळण पडलंय? हे स्वतःला कळलं की सोडायचं कारण बाहेरून कोणी सांगावं लागत नाही.

घरी प्रयोग कसा करायचा?

यासाठी ॲप नको, क्लास नको. भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन पुरे. दुधाचा हिशोब आपण त्याच चौकोनात लिहितो, तिथेच एक खूण जास्त करायची.

1. प्रश्न एकच घ्या आणि छोटा घ्या. ‘तब्येत सुधारायची’ हा प्रश्न नाही. ‘रात्री जेवल्यावर दहा मिनिटं चाललो तर झोप कशी लागते?’ हा प्रश्न आहे.

2. पहिले चार दिवस काही बदलू नका. फक्त बघा आणि लिहा. मोबाईलची सवय असेल तर रात्री तो हातात कधी आला, कशासाठी आला आणि ठेवला कधी, एवढंच टिपा.

3. मग एकच गोष्ट बदला. मोबाईल उशाशी चार्जिंगला लागत असेल तर ओटीवर लावून बघा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बागेत खत, पाणी आणि औषध एकाच वेळी बदललं तर काय लागू पडलं ते कसं कळणार? तसंच हे.

4. शेवटची तारीख ठरवा. दोन आठवडे पुरेत. ‘आयुष्यभर’ म्हटलं की मन पहिल्याच दिवशी घाबरतं. ‘अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत बघतो’ म्हटलं की चालतं. श्रावणही म्हणूनच सोपा जातो.

5. शेवटच्या दिवशी चौकोन मोजा आणि एक ओळ लिहा. काय दिसलं? पुढच्या दोन आठवड्यांचा प्रश्न कोणता? आधीचा बदल आवडला असेल तर ठेवा, नाहीतर सोडा आणि दुसरा घ्या.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघू. समजा, घरातल्या एका काकींना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, रक्तात साखर आहे. त्यांनी पहाटे चालायचं ठरवलं. जून लागला, पाऊस सुरू झाला, रस्त्यावर शेवाळ आणि पाणी. चालणं बंद पडलं आणि काकी म्हणाल्या, ‘माझा काय होणा नाय.’ इथे काकींचं मन कमी पडलं नाही. पहाटेची वेळ आणि आपला पाऊस यांचं जमलं नाही, एवढंच. मग प्रश्न बदलायचा. ‘पावसात मला कुठे चालता येईल?’ पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावलं होतात? जेवणानंतर तिथेच दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या तर? जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. लावणीच्या दिवसांत तर शेतातच एवढी मेहनत होते की वेगळं चालायची गरज आहे का, हाही डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न. आणि भात कापून झालं, कामाचा जोर उतरला की तेव्हा चालणं वाढवायचं का? म्हणजे वर्षभर एकच नियम नको, हंगामाप्रमाणे प्रश्न बदलू दे.

पैशाचंही तसंच. ‘या महिन्यापासून बचत करणार’ हे बचत गटातल्या प्रत्येकीने कधी ना कधी म्हटलेलं असतं. त्याऐवजी दोन आठवडे फक्त एवढं लिहायचं, दहा-वीस रुपयांच्या नोटा कुठे कुठे गेल्या. अनेकदा उत्तर बघून आपल्यालाच आश्चर्य वाटतं आणि कुठे हात आखडायचा ते कोणी सांगावं लागत नाही.

एक दिवस चुकला तर?

‘21 दिवस केलं की सवय लागते’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर अनेकांनी वाचला असेल. लंडनमधल्या एका विद्यापीठात 96 जणांना रोज एक नवीन गोष्ट करायला सांगून 12 आठवडे नोंदी घेतल्या. ती गोष्ट आपसूक व्हायला लागायला साधारण 66 दिवस लागतात, असा मधला आकडा निघाला. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशोब आला. म्हणजे 21 दिवसांत जमलं नाही म्हणून आपण मागे पडलो, असं समजायचं कारण नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. शपथेच्या हिशोबाने तो दिवस म्हणजे हार. प्रयोगाच्या हिशोबाने ती एक नोंद. लग्नाला गेलो होतो, सगळे खात होते, मीही खाल्ली. पुढच्या लग्नात काय करता येईल? खिशात बडीशेप किंवा लवंग ठेवून बघूया का?

घरातल्यांनी काय विचारायचं?

सवय बदलणारा माणूस घरात एकटा नसतो. त्याला काय विचारलं जातं त्यावर बरंच ठरतं. ‘परत खाल्लंस ना? माका म्हायत होता!’ असं म्हटलं की पुढच्या वेळी तो लपून खातो आणि लपून खाणाऱ्याला मदत करता येत नाही. त्याऐवजी, ‘आज कधी आठवण आली रे?’ असं विचारून बघा. वडीलधारी व्यक्ती असेल तर, ‘बाबा, आज दुपारी कसं गेलं?’ एवढं पुरे. प्रश्नात टोमणा नको. टोमणा प्रश्नाच्या वेशात आला तरी ओळखू येतो.

मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनीही फोनवर ‘सोडलीत का?’ विचारण्याऐवजी ‘या आठवड्यात काय दिसलं?’ असं विचारावं. दाभोळकर सरांचे शेतकरी एकमेकांना हेच विचारत होते. काय करून बघितलंत, काय दिसलं? वाडीतले दोघे-तिघे मिळून एकच प्रश्न घेतला तर आणखी बरं, कारण मग नाक्यावर पुडी पुढे करणारा मित्रसुद्धा प्रयोगात असतो.

कुतूहल कुठे पुरत नाही?

ही रीत सगळ्यावर औषध नाही. काही ठिकाणी तर एकट्याने प्रयोग करणं धोक्याचं आहे.

दारू : रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, घाम, भ्रम, झटके असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. ‘बघूया बंद करून’ हा प्रयोग घरी करू नका. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना भेटा. औषधांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे सोडता येते.

चालू औषधं : साखर, रक्तदाब किंवा मनाच्या आजाराची गोळी ‘बंद केली तर काय होतं’ म्हणून थांबवायची नाही. प्रश्न असेल तर तो डॉक्टरांना विचारायचा.

तंबाखू : स्वतः बघून, लिहून सुटत नसेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा टोल फ्री नंबर 1800-11-2356 आहे. तिथे समुपदेशक बोलतात, पैसे लागत नाहीत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर वाट न बघता तपासून घ्या.

मन उदास असेल तर : कशातच गोडी वाटत नाही, झोप नाही, जगणं नको वाटतं, अशा वेळी ‘कुतूहल वाढवा’ हा सल्ला कामाचा नाही. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे.

आणि काही गोष्टी माणसाच्या सवयीच्या नसतातच. कामावरून रात्री नऊला घरी येणाऱ्याला चालायला वेळ मिळत नसेल, घरखर्चच भागत नसेल म्हणून बचत होत नसेल, तर दोष ना इच्छाशक्तीचा ना कुतूहलाचा. पण तेही नीट बघितल्याशिवाय कळत नाही. निदान स्वतःला उगाच बोल लावणं तरी थांबतं.

सुरुवात आजच करायची तर फार काही लागत नाही. रात्री जेवण झालं की कॅलेंडरजवळ जा, आजच्या चौकोनाखाली बारीक अक्षरात एक प्रश्न लिहा आणि दोन आठवड्यांनंतरच्या तारखेवर गोल करा. प्रश्न सुचत नसेल तर हा घ्या : ‘जी गोष्ट मला सोडायची आहे, ती माझ्या हातात दिवसातून पहिल्यांदा किती वाजता येते?’ उद्या सकाळी फक्त घड्याळ बघा आणि लिहून ठेवा.